ग्राइंड न करता पार्टी दमदार कशी करायची? (फायनल फँटसी टेन, गागाझेटपाशी अडकलोय)

रामबाग_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. फायनल फँटसी टेनचा एचडी रीमास्टर खेळतोय स्विचवर, स्टोरी प्रचंड आवडलीये, पण गागाझेट पर्वतावर सीमोर फ्लक्स ह्या बॉसपाशी गाडी अडकलीये ती अडकलीच. तो आधी भाला मारून एकाला झॉम्बी करतो, मग त्याच्या मागचं ते यंत्र त्याच झॉम्बीवर फुल-लाइफ (उठवायची जादू, झॉम्बीला उलटी बसते) टाकतं की माणूस खल्लास, आणि त्याला उठवेपर्यंत दुसऱ्याला भाला बसलेला असतो.

पार्टी, म्हणजे माझी लढणारी टोळी, सांगतो. टीडस, ऑरॉन आणि युना हे तिघं कायम पुढे. टीडस-ऑरॉनचा एचपी (जीव) तीन हजाराच्या वर आहे, वाक्का आणि लुलू दीड हजाराच्या आसपास, किमारी नि रिक्कू त्याहूनही खाली. पैसे बऱ्यापैकी आहेत, औषधं पण आहेत. नेटवर जिथे बघावं तिथे एकच सल्ला, काम लँड्सवर (गागाझेटच्या आधीचं मैदान) परत जा आणि गोल गोल फिरून लढत बस.

आता माझं असं आहे की नोकरी पीथमपूरला, शिफ्ट संपवून इंदूरला घरी येईपर्यंत रात्र झालेली असते, मुलगी झोपली की जेमतेम तासभर हातात येतो. तो तास तेच ते लांडगे मारण्यात घालवायचा नाहीये मला, मला गोष्ट पुढे न्यायचीये. त्यात लढाईच्या आधीचा तो लांबलचक सीन स्किप होत नाही, दर वेळी सगळा बघावा लागतो. तर कमी वेळात पार्टी खरोखर मजबूत करायचा काही रस्ता आहे का, की तेच ते लढत बसायला, म्हणजे ग्राइंडला, पर्यायच नाही ह्या गेममध्ये?

जेलरोड_जॉयस्टिक

पीसीवर घे ना भिया. २०१६ साली स्टीमवर आला त्यात बूस्टर आहेत, गेम चौपट स्पीडने पळवता येतो, रँडम लढाया वाढव नाहीतर बंदच कर, जे पाहिजे ते. चौपट स्पीडवर ग्राइंड केलं तर अर्ध्या तासात काम होऊन जाईल.

रामबाग_रात्रपाळी

अरे पण माझ्याकडे स्विच आहे, त्यात हे काही नाही. आणि सेव्ह इथलंच आहे, आता पहिल्यापासून सुरू करणं शक्य नाही.

तिलकनगरची_ताई

थांब, पीसी वगैरे काही लागत नाही. मुळात तुझा प्रश्न लेव्हल कमी असण्याचा नाहीचे, एपी (लढाईतून मिळणारे अनुभवाचे पॉइंट) वाया जाण्याचा आहे. ह्या गेममध्ये एपी कोणाला मिळतात ते बघ. जो त्या लढाईत निदान एक टर्न खेळला त्याला मिळतात, आणि जितके जण टर्न खेळले त्या प्रत्येकाला पूर्णच्या पूर्ण मिळतात, वाटून नाही. म्हणजे तिघांनी लढाई संपवली काय आणि सातही जणांनी एकेक टर्न खेळून संपवली काय, टीडसच्या पदरात तेवढेच पडणार, पण दुसऱ्या पद्धतीत बाकीच्या चौघांनाही तेवढेच पडतात. आणि माणूस बदलायला टर्न लागतच नाही, एल बटण दाबलं की नवीन माणूस आत आणि त्याच टर्नला तो खेळतो.

उदाहरण देते. समोर दोन बँडरस्नॅच आणि एक अह्रिमन आलाय. टीडसचा टर्न पहिला, तो एक बँडरस्नॅच उडवणार कारण ते पळणारे लांडगे बाकीच्यांच्या हाती नीट लागत नाहीत. मग ऑरॉनचा टर्न आला की तो बाहेर, वाक्का आत, अह्रिमन उडणारा आहे तर त्याच्यावर वाक्काचा बॉलच पाहिजे. युनाचा टर्न आला की ती बाहेर, रिक्कू आत, तिने उरलेल्या लांडग्याचं काहीतरी चोरायचं. आता घाई करायची नाही, शेवटचा एकच शत्रू उरला की त्याला जिवंत ठेवून लुलू, किमारी, युना, ऑरॉन एकेक करून आत आणायचे, मारायची गरज नाही, नुसतं डिफेंड केलं तरी टर्न खेळला असं धरतात. सगळे झाले की मग शेवटचा मारून टाकायचा. फक्त लढाई संपते त्या वेळी जो आडवा पडलेला असेल त्याला शून्य मिळतात, तेवढं बघायचं.

सुरुवातीला एक लढाई थोडी लांबेल, पण हात बसला की दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि हे ग्राइंड नाही बरं का, ज्या लढाया वाटेत तशाही होणारच आहेत त्याच आहेत ह्या, फक्त त्यातून तिघांऐवजी सातही जणांचं काम करून घ्यायचं.

अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही. पुढच्या स्फियर लेव्हलला (ताकद वाढवायच्या पटावरची एक पायरी) लागणारे एपी प्रत्येकाचे वेगळे असतात, जितक्या लेव्हल घेतल्या तितकी पुढची महाग होत जाते, ती शेवटी २२,००० वर जाऊन थांबते. म्हणजे गागाझेटवरच्या ज्या लढाईत टीडसला एक लेव्हलही धड मिळत नाही त्याच लढाईत रिक्कूला दोन-तीन मिळून जातात, कारण ती मागे आहे. मागे राहिलेले फार लवकर वर येतात ह्या गेममध्ये. सेव्ह स्फियरच्या (जिथे गेम सेव्ह होतो तो गोळा) आजूबाजूलाच हे कर, काम लँड्सवर उतरून जायची काही गरज नाही. एचपी कमी झाला की स्फियरला हात लाव, एचपी-एमपी (एमपी म्हणजे जादूची ताकद) सगळं फुल.

लष्करवाला_ग्वाल्हेर

ताईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं, मी हा गेम पीएसटूच्या काळापासून खेळतोय, २००१ साली आला होता तो. फक्त एका गोष्टीवर माझं मत थोडं वेगळं आहे. ज्यांच्याकडे रात्रीचा एकच तास आहे त्यांनी सातही जण सारखे करायच्या मागे लागू नये. सगळ्यांना टर्न जरूर द्या, एपी घ्या, पण ते खर्च करताना पहिला हक्क युनाचा ठेवा.

कारण सांगतो. इऑनची, म्हणजे युना लढाईत बोलावते त्या प्राण्यांची, ताकद युनाच्या ताकदीवर ठरते. तिने स्फियर ग्रिडवर, म्हणजे ताकद वाढवायच्या त्या पटावर, मॅजिक, डिफेन्स, एचपी घेतला की वालेफोर, इफ्रीत, इक्सियन, शिवा, बहामुत हे पाचही आपोआप तगडे होतात. टीडसवर स्फियर लावली की एक माणूस वाढतो, युनावर लावली की सहा वाढतात, इतका साधा हिशेब आहे. बरेच लोक युनाला फक्त औषधपाणी करणारी समजून मागे ठेवतात आणि मग बॉस अवघड आहे म्हणून तक्रार करतात.

आता फ्लक्सचं. इऑन समोर आला की तो त्याला एक टर्न खेळू देतो आणि मग हाकलून लावतो. म्हणजे प्रत्येक इऑनला फक्त एकच टर्न मिळणार हे धरून चाला, आणि तो एक टर्न ओव्हरड्राइव्हचाच (मीटर भरला की मारता येणारा मोठा हल्ला) असला पाहिजे. म्हणून लढाईच्या आधीच पाचही जणांचे ओव्हरड्राइव्ह भरून घ्या. साध्या लढाईत एकेक इऑन बोलवा, बूस्ट लावा, बूस्टमध्ये मार जास्त बसतो पण मीटर भराभर भरतो, दोन-चार फटके खाऊ द्या की झालं. भरलेला मीटर तसाच राहतो, सेव्ह स्फियरला हात लावल्यावर एचपी भरतो आणि ओव्हरड्राइव्ह काही उतरत नाही. पाचही भरून झाले की सेव्ह करायचं आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. तुमचा अख्खा एक तास ह्यात गेला तरी चालेल, लेव्हल वाढवण्यात पाच तास घालवून जे मिळणार नाही ते ह्या एका तासात मिळतं.

जेलरोड_जॉयस्टिक

हे इऑनवालं बरोबर आहे, मान्य. पण दुसऱ्या गेममध्ये एवढी कटकट नसते यार. ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हनमध्ये बाहेर बसलेल्यांना पण एक्सपी मिळतो, कोणाला आत-बाहेर करायला लागत नाही.

तिलकनगरची_ताई

मिळतो, बरोबर आहे. पण मला इथलीच पद्धत जास्त आवडते, प्रत्येकाला काहीतरी काम काढून द्यावं लागतं आणि मग ती सात माणसं ओळखीची होतात. ड्रॅगन क्वेस्टमध्ये मी जवळजवळ चारच जणांना घेऊन पूर्ण गेम काढला, बाकीच्यांचे मूव्ह काय होते ते आता आठवत पण नाहीत. पर्सोना ५ मध्ये तर बाहेरच्यांना एक्सपी मिळावा म्हणून आधी मिशिमाशी दोस्ती वाढवायला लागते. प्रत्येक गेमचा नियम वेगळा असतो, तो पहिल्या दहा तासांत शोधून काढला की अर्धं ग्राइंड तिथेच वाचतं. मी कुठलाही नवीन आरपीजी घेतला की सगळ्यात आधी हेच बघते, बाहेर बसलेल्याला काय मिळतं.

बडोद्याचा_बाळू

एपीचं आणि इऑनचं वर छान सांगितलंय सगळ्यांनी, मी फक्त लढाईचं बोलतो कारण पार्टी कितीही वाढवली आणि फ्लक्स काय करतो हे माहीत नसलं तर तो परत लोळवणार.

त्याचा एचपी ७०,००० आहे. पहिलंच काम, लुलूकडून बायो टाक. त्याला विष लागतं, आणि दर टर्नला १४०० जातात, तू काही न करता. एवढा मोठा बॉस आणि त्याला विष लागतं, बहुतेक लोक करूनच बघत नाहीत. लुलूच्या ग्रिडवर बायो घेतलेलं नसेल तर ताई म्हणतात तसे एपी गोळा करून पहिलं तेच घे. आणि हे अगदी सुरुवातीलाच टाकायचं, कारण पुढे तो स्वतःवर रिफ्लेक्ट लावतो, मग तुझंच बायो उलटून तुझ्यावर येईल.

रिफ्लेक्ट लावला की तो फ्लेअर स्वतःवर मारतो आणि ते उडून आपल्याला लागतं. तिथे युनाकडून त्याच्यावर डिस्पेल टाक. रिफ्लेक्ट गेलं की त्याचंच फ्लेअर त्यालाच बसतं. बघायला फार मजा येते.

झॉम्बीचं सांगतो. भाला बसला की लगेच वर उजवीकडे टर्नची रांग दिसते ती बघ, यंत्राच्या आधी आपला कोणाचा टर्न असेल तर होली वॉटर टाक, विचार करू नको. आपला टर्न नसेल तर सोडून दे, तो माणूस पडणार, पडला की झॉम्बीपण आपोआप जातो, मग फिनिक्स डाउनने उठव. झॉम्बी असलेल्याला केअर किंवा पोशन मात्र देऊ नको, उलटा मार बसतो. होली वॉटर भरपूर घेऊन ठेव, पैसे आहेत म्हणतोस तर इथे कंजूषी नको.

त्या यंत्राच्या मागे लागू नको. मॉर्टिऑर्किस मेलं की सीमोरकडूनच ४००० ओढून परत उभं राहतं. म्हणजे मारलंच तर ते ४००० सीमोरचे गेले असं धर, पण दोघांना एकदम लागणारा मार असेल तरच, मुद्दाम टर्न घालवून नाही.

रामबाग_रात्रपाळी

बाप रे, एवढं सगळं! खूप खूप आभार. विष लागत असेल असं डोक्यातच आलं नव्हतं. दोन प्रश्न आहेत. पाच ओव्हरड्राइव्ह सुरुवातीलाच टाकून मोकळं व्हायचं की शेवटी? आणि टीडस-ऑरॉनने मधे काय करायचं, फक्त मारत राहायचं का?

लष्करवाला_ग्वाल्हेर

शेवटी. त्याचा एचपी अर्ध्याच्या खाली गेला की तो सर्वनाशाची तयारी करतो, स्क्रीनवर तसं दिसतं, आणि एक-दोन टर्नने सगळ्या पार्टीवर तो भयानक हल्ला येतो. त्या टप्प्यात जितका कमी वेळ घालवाल तितकं चांगलं. म्हणून अर्ध्यापर्यंत विष आणि साध्या माराने आणा, आणि तिथून पाचही इऑन पाठोपाठ सोडा. मधे तो हाकलेल, तुम्ही पुढचा बोलवा. बहामुत सगळ्यात शेवटी ठेवा.

तिलकनगरची_ताई

टीडसने सुरुवातीला हेस्ट (टर्न लवकर आणणारी जादू) टाकायचं नाहीतर चिअर करत बसायचं. चिअर पाच वेळा चढतं, एमपी लागत नाही, ताकद आणि फिजिकल डिफेन्स दोन्ही वाढतात. आठव बरं, ग्रिडवर चिअर आहे हे टीडसला गेमच्या अगदी सुरुवातीलाच मिळतं आणि पुढे आपण ते वापरतच नाही, कारण साध्या लढाया दोन फटक्यांत संपतात. लांब चालणाऱ्या बॉससाठीच ठेवलंय ते. पहिल्या काही टर्नमध्ये मारण्यापेक्षा चिअर जास्त फायद्याचं, नंतरचा प्रत्येक फटका जड बसतो.

आणि रिक्कूला आत ठेव, अल भेड पोशन शिल्लक असतील तर. तिच्या यूझ कमांडने ते वापरलं की अख्ख्या पार्टीला १००० एचपी मिळतो आणि एमपी काहीच जात नाही. तिचा टर्न लवकर लवकर येतो हे पण बघ. ज्या पोरीला तू त्याहूनही खाली लिहिलंस तीच ह्या लढाईत सगळ्यात कामाची आहे.

मृगजळ_नारायणबाग

एक छोटीशी भर. शत्रू सोडतात ती आर्मर विकून टाकू नका डोळे झाकून, रिकामे स्लॉट असलेली बघा आणि कस्टमाइझमध्ये जाऊन एचपी वाढवणारं काहीतरी भरा. मागे पडलेल्यांना दीड हजारावरून वर आणायला हा सगळ्यात स्वस्त उपाय, पाच मिनिटांचं काम. आणि मेन्यूत ओव्हरड्राइव्ह मोड बदलता येतो, सगळेच स्टोइकवर (स्वतःला मार बसला की मीटर भरतो) ठेवलेले असतात. जो मार खात नाही, मागे राहून जादू टाकतो, त्याचा मीटर स्टोइकवर कधी भरणारच नाही, जोडीदाराला मार बसला की भरणारा मोड मिळालेला असेल तर तो लावा.

बडोद्याचा_बाळू

किमारीचं कोणी बोललंच नाही अजून. बिरान आणि येंकेशी त्याची एकट्याची लढाई झाली ना गागाझेटच्या सुरुवातीला, त्यात लान्सेट (शत्रूची चाल शिकून घेणारा त्याचा वार) मारून मारून मायटी गार्ड आणि व्हाइट विंड शिकून घेतलं असशील तर सोनं आहे. त्या दोघांची ताकद किमारीच्या ताकदीप्रमाणे ठरते त्यामुळे दुबळा किमारी असला तरी ती लढाई जिंकता येते, म्हणून बऱ्याच जणांकडे दुबळ्या किमारीलाही ह्या दोन चाली असतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. ओव्हरड्राइव्हची लिस्ट उघडून बघ एकदा.

रामबाग_रात्रपाळी

मंडळी, झालं! गेला फ्लक्स!

शनिवारी रात्री बसलो. आधी सेव्ह स्फियरच्या आजूबाजूला ताई म्हणतात तसं सगळ्यांना आत-बाहेर करत लढलो, आणि खरंच, रिक्कू आणि लुलू इतक्या भराभर वर आल्या की स्फियर कमी पडल्या, लेव्हल शिल्लक राहिल्या. लुलूला बायो मिळालं. उरलेल्या सगळ्या मॅजिक आणि एचपीच्या स्फियर युनाला. मग पाचही इऑनचे मीटर भरले, इक्सियनला जरा वेळ लागला कारण त्याच्यासमोर येणारे शत्रू पटापट मरत होते, शेवटी त्याला नुसतं बूस्टवर उभं ठेवलं.

लढाईत पहिल्याच टर्नला बायो, लागलं. दर टर्नला ते १४०० जाताना बघून जे काही वाटत होतं ते सांगता येत नाही. ऑरॉन दोनदा झॉम्बी झाला, एकदा होली वॉटर वेळेवर पडलं आणि एकदा नाही, तेव्हा बाळूभाऊ म्हणाले तसं पडू दिला आणि उठवला. डिस्पेलने रिफ्लेक्ट काढलं, फ्लेअर त्यालाच बसलं. मग तो सर्वनाशाची तयारी करायला लागला आणि मी वालेफोरपासून सुरू केलं. बहामुतपर्यंत पोचायची वेळच आली नाही, शिवानेच संपवला. सौ. बाजूला वाचत बसली होती, तिला पण उठून बघायला लावलं.

किमारीची लिस्ट उघडली, मायटी गार्ड आहे! काम लँड्सवर एक पाऊल टाकलं नाही. आता पुढे झनारकंडकडे निघतोय, तिथे पण हेच सगळं चालेल ना? होली वॉटरचा साठा करून ठेवू का अजून?

तिलकनगरची_ताई

जबरदस्त! मनापासून अभिनंदन. टर्नची अदलाबदल आणि युनाला प्राधान्य हे शेवटपर्यंत चालेल, सोडू नकोस.

होली वॉटरचं मात्र जपून. स्टोरी फोडत नाही, नाव पण सांगत नाही, पण झनारकंडमध्ये जी मोठी लढाई आहे तिचे तीन टप्पे आहेत. दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांना झॉम्बी केलं जातं, आणि तुला आता सवय लागलीये तशी तू लगेच सगळ्यांना होली वॉटर पाजशील. तसं करू नको. तिसऱ्या टप्प्यात असा हल्ला येतो की जो झॉम्बी नाही तो जागच्या जागी मरतो, आणि जो झॉम्बी आहे त्याला काही होत नाही. तिसरा टप्पा सुरू होताना निदान दोघं झॉम्बीच राहू दे, युना त्यातली एक असली तर उत्तम. होली वॉटर त्या हल्ल्यानंतर.

लष्करवाला_ग्वाल्हेर

आणि तिथेही आत जायच्या आधी पाचही मीटर पुन्हा भरून घ्या, तुमचा बहामुत तर भरलेलाच आहे.